अवरे सोलल्याचा तिसरा दिवस

आज सकाळी दूध घ्यायला फाटकाबाहेर गेलो तर चपलेखाली शनिवारच्या साली चुरचुरल्या. दोन दिवसांत त्या वाळून करड्या झाल्या आहेत. गल्लीतली तांबडी गाय काल येऊन अर्धा ढीग खाऊन गेली, उरलेला अजून आमच्या दारासमोर आहे. समोरच्या घरापुढे तसाच ढीग, शेजारच्यांचा त्याहून मोठा. जयनगरातल्या आमच्या या नव्या रस्त्याला अजून धड सावली नाही, पण डिसेंबर सरत आला की साली मात्र प्रत्येक दारात असतात. अवरेकाईचा मोसम आल्याचं बेंगळुरात कुणी पंचांगात बघत नाही. रस्त्यात बघतो.

पुण्याकडचे आमचे पाहुणे हिला पावटा म्हणतात आणि "आमच्याकडेही मिळतो की" म्हणून विषय संपवतात. मी वाद घालत नाही. पण मागडीकडून येणारी, थंडीच्या धुक्यात भिजलेली शेंग हातात घेतली की सालीवर एक तेलकट ओल लागते, आणि तिचा वास बोटांना असा चिकटतो की साबणानं जात नाही. इथले लोक त्या वासाला सोगडु म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो. आमचं घराणं या मुलखात येऊन तीनशे वर्षं झाली असं वडील सांगायचे. मराठी आम्ही घरात जपली, पण या वासाला मराठी शब्द कुणी शोधला नाही. गरजच पडली नाही.

अवरेचं काम एकट्याचं नसतं. शेंगा सोलायच्या, दाणे पाण्यात भिजत घालायचे, मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल हातात राहते आणि आतली हिरवी डाळ टुणकन ताटात पडते. ही हितकबेळे. तिच्या सारासाठी चार माणसांची बोटं दोन दिवस दुखतात आणि सार दहा मिनिटांत संपतं. साली मात्र परसात टाकायच्या नाहीत. त्या पुढच्या दारी, रस्त्यावर टाकायच्या, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला कळतं की या घरात आज अवरे झाली.

त्या सालींच्या ढिगावरून मी एकदा माझ्या बहिणीचा न्याय केला होता. आज ते लिहायला बसलो आहे.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ती सतरा. तिनं शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं, चामराजपेटेत मुलींच्या प्राथमिक शाळेत लागली, मला शिकवलं, आईचं शेवटचं केलं. तिला मागणी घालायला कुणी आलं की म्हणायची, "आधी रघूचं होऊ दे." रघूचं झालं. तोवर तिला विचारायला येणारं कुणी उरलं नव्हतं. हे ती हसून सांगायची. मी हसायचो नाही, पण वाईट वाटल्याचंही कधी बोललो नाही.

तिच्या चालण्याचा वेग अजून माझ्या कानात आहे. शाळेत जाताना ती पुढे आणि मी पाठीमागे धावतोय, असंच माझं लहानपण गेलं. अवरेच्या दिवसांत मला समोर बसवून ती शेंगा सोलायची आणि पाढे विचारायची. "सतरा साते?" असं म्हणता म्हणता शेंग फुटायची, माझं उत्तर येईपर्यंत दाणे पातेल्यात. मी अडखळलो की अंगठा शिवणीवर थांबायचा, आणि तो थांबलेला अंगठा मला छडीपेक्षा मोठा वाटायचा.

मग फ्लूची मोठी साथ आली, ते वर्ष. चामराजपेटेत आम्ही तेव्हा वठारात राहत होतो. मधे अंगण, भोवती सहा बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून एक नळ. जूनमध्ये एकेक करून सगळं वठार झोपलं आणि एकेक करून उठलं. भिंतीपलीकडच्या सावित्रम्मा चौथ्या दिवशी नळावर भांडत होत्या. माझी बायको इंदू आठवड्यात चालायला लागली. अक्काचा ताप पाचव्या दिवशी उतरला. ताप गेला, पण अक्का काही परत आली नाही. मला हे याहून नीट सांगता येत नाही.

शाळा उघडली तशी ती जाऊ लागली. एका दुपारी मी घरी होतो. ती आली आणि उंबरठ्यावर बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी विचारलं, "काय झालं, अक्का?"

"काही नाही रे. चप्पल काढायची आहे."

अर्ध्या तासानं इंदूनं जाऊन तिच्या चपला काढल्या.

ऑगस्टात तिनं रजा घेतली. दहा तास झोपून उठायची आणि रात्रभर दळण दळल्यासारखी दिसायची. उजेड सोसायचा नाही. अंघोळीचं पाणी अंगावर घ्यायला हात वर व्हायचा नाही. भाजीवाल्याला कोथिंबीर मागायची तर शब्दच सापडेना, हातानं पानं दाखवत राहिली. जिच्या तोंडी सतराचा पाढा होता तिला कोथिंबीर सापडेना. मी घाबरलो. घाबरलेला माणूस कधी कधी रागावलेल्या माणसासारखा वागतो. निदान मी तसा वागलो.

डॉक्टरांनी रक्त बघितलं, लघवी बघितली, छातीचा फोटो काढवला. सगळं टेबलावर मांडून मोठ्या आनंदानं ते मला म्हणाले, "तुमच्या बहिणीला काहीही झालेलं नाही. टॉनिक देतो. जरा हिंडवा, फिरवा. पडून राहिलं की अंग जड होतं."

मी शहराबाहेरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. तेव्हाही करत होतो. आमच्याकडे गेज असतात. भोक बरोबर मापाचं आहे की नाही ते बघायला गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. एवढंच. सुटा भाग पास तरी होतो, नाहीतर बाद. तिसरा खण आमच्या टेबलावर नाही. डॉक्टरांकडून निघालो तेव्हा माझ्या मनानं अक्काला पासच्या खणात टाकलं होतं. सगळी मापं बरोबर, मग माणूस उठत का नाही? मला आनंद व्हायला हवा होता. मला फसवल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. त्यांच्याजवळ जी मापं होती ती त्यांनी प्रामाणिकपणे लावली. थर्मामीटरात पारा चढला की आपण आजारावर विश्वास ठेवतो, कारण पारा आपल्याला दिसतो. ज्याला पारा नाही अशा दुखण्याला साक्षीदार एकच, ज्याचं दुखतं तो. आणि तो साक्षीदार नेमका तेव्हा खाटेवर पडलेला असतो, बोलायचं बळ नसतं. नातेवाईक मात्र भरपूर बोलतात. "लग्न वेळेवर झालं नाही की असं होतं." "नोकरीचा कंटाळा आला असेल." एक मावशी हुबळीहून आल्या, दोन दिवस जेवल्या आणि जाताना म्हणाल्या, "मन रमवा तिचं." अक्का आतल्या खोलीत सगळं ऐकत होती. मी मावशींना स्टेशनावर पोचवायला गेलो आणि वाटेत मान डोलवत राहिलो.

हिंडवा म्हटलं होतं, म्हणून एका रविवारी तिला लालबागेत नेलं. इंदू नको म्हणत होती. मी अक्काला खडकावर चढायला लावलं, "आणखी स्वल्प, आणखी स्वल्प" म्हणत. ती चढली. वर वारा होता, तिच्या पदराची टोकं उडत होती, खाली सगळं शहर झाडांत बुडलेलं. ती म्हणाली, "छान वाटतंय रे." मी घरी आल्यावर इंदूला ऐकवलं, "बघितलंस? मनावर घेतलं की होतं." त्या दिवशी मी जिंकलो होतो. मंगळवारी अक्काला मान उशीवरून उचलता येईना. मी म्हटलं, हवा लागली असेल.

आणि मग अवरेकाई आली.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस असतो. दुपारी वठारापाशी आलो आणि आमच्या दारापुढचा ढीग बघून थांबलो. सहा बिऱ्हाडांत सर्वांत मोठा ढीग आमचा. इंदूला इतकं सोलता येत नाही हे मला माहीत होतं. तिच्या सालीत तीनदा बोट घातल्याच्या खुणा असतात. या साली शिवणीवर एका दाबात उघडलेल्या होत्या, पाकिटासारख्या. तो अंगठा मी ओळखत होतो.

आत अंगणात अक्का भिंतीला टेकून बसली होती. समोर सावित्रम्मा. दोघी हसत होत्या. सावित्रम्मांची सून माहेरी जाताना कुलूप लावून किल्ली आतच विसरली होती, त्याची गोष्ट चालली होती. अक्काची बोटं हिरवी झाली होती, डोळ्यांत पाणी येईतो ती हसत होती. कितीतरी महिन्यांत ती तशी हसली नव्हती.

"या, रघु अण्णा," सावित्रम्मा म्हणाल्या, "टीचरम्मांनी आज आम्हाला हरवलं."

मला अक्काच्या आजाराचा कधी इतका राग आला नव्हता जितका त्या हसण्याचा आला. शाळेची चिठ्ठी आली होती. संक्रांतीनंतर रुजू व्हा, नाहीतर जागा मोकळी करा. त्या चिठ्ठीपायी मी आठ दिवस धड जेवलो नव्हतो. मी सावित्रम्मांच्या देखत म्हणालो, "शाळेत जायला अंग चालत नाही, अवरे सोलायला चालतं?"

सावित्रम्मांनी सूप उचललं आणि त्या घरात गेल्या. अक्कानं हातातली शेंग पुरी सोलली. दाणे पातेल्यात टाकले. मग म्हणाली, "हो रे. आज चालतं."

"मग सोमवारी शाळेत जा."

"जाते," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी ती उठली नाही. डोळे मिटलेले, ओठ कोरडे, हाक मारली की कपाळाला आठी पडायची, जणू आवाजही अंगाला लागतोय. मला वाटलं, शाळेचं नाव काढलं की हे होतं. कारखान्याची बस यायला वेळ होता. मी टेबलाशी बसलो आणि तिच्या नावानं तिचा राजीनामा लिहिला. अक्षर चांगलं काढलं, ते तिनंच शिकवलं होतं. पाठीखाली हात घालून तिला उठवलं, पुठ्ठ्यावर कागद ठेवला, बोटांत पेन दिलं. तिनं वाचलं नाही. सही केली आणि पेन चादरीवर पडलं. शाईचा डाग पडला म्हणून मी चुकचुकलो. डागासाठी. तिच्यासाठी नाही.

दाराशी इंदू उभी होती. ती धारवाडकडची, माझ्याशी वाद घालायची तिची रीत नव्हती. पण त्या दिवशी म्हणाली, "अहो, तुम्ही चुकीचा दिवस बघताय."

"म्हणजे?"

"तुम्ही काम केलेला दिवस बघता. लालबागेला रविवारी गेलात, अक्का मंगळवारी पडल्या. गौरीला पुरण वाटलं, तिसऱ्या दिवशी पडल्या. परवा शनिवारी अवरे. आज सोमवार."

"योगायोग."

"विरजण आज लावलं तर दही उद्या लागतं. म्हणून विरजणाचा आणि दह्याचा संबंध नाही म्हणायचं का?"

मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि निघालो. ही माझी सर्वांत मोठी लाज आहे. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

बस सोडून मी शाळेत गेलो. मोठ्या बाई कानडी, उंच, फार न बोलणाऱ्या. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढून सहीवर डोळे टेकवले.

"ही यमुनाबाईंची सही नाही," त्या म्हणाल्या.

"त्यांचीच आहे. आत्ता माझ्यासमोर केली."

"बारा वर्षं रोज सकाळी मस्टरवर त्यांची सही बघते मी. रेघ आखल्यासारखी असते. ही बघा, उतारावरून घसरली आहे. तुमच्यासमोर केली असेल, तर हा हात आजारी आहे. आणि आजारी हाताचा राजीनामा मी घेत नाही."

त्यांनी कागद टेबलाच्या खणात टाकला. "जूनपर्यंत बिनपगारी रजा लिहिते. वरून विचारलं तर मी बघेन. जूनमध्ये त्यांनी इथे यावं आणि माझ्यासमोर सही करावी. या कागदावर करायची की मस्टरवर, ते त्यांनी ठरवावं. तुम्ही नाही."

रोज शेकडो सुटे भाग डोळ्यांसमोर धरून केसाइतका फरक पकडणारा मी, ती सही मी बघितलीच नव्हती.

तो दिवस मी चालत घालवला. वाटेत माझं मला कळत होतं की इंदूनं सांगितलेलं खरं असेल तर आपण काय केलं आहे. मी अक्काला उभं राहता येतं का ते बघत होतो. तिला उभं राहता येत होतं. प्रश्न उभं राहण्याची किंमत किती दिवसांनी चुकवावी लागते हा होता, आणि ती चुकवताना मी तिच्याकडे पाठ फिरवून म्हणत होतो की आता नवीन काय झालं. हसली तो दिवस खरा होता. पडली तो दिवसही खरा होता. दोन्ही दिवस एकाच दुखण्याचे होते.

पुढच्या शनिवारी मी स्वतः अवरे आणली. अक्का उठून बसू लागली होती. इंदूनं तिच्यापुढे परडी ठेवली आणि म्हणाली, "एक ओंजळ. मग साकु." साकु म्हणजे पुरे. घरात कानडी शब्द आम्ही हुकूम सोडायला वापरतो.

"मला आज बरं वाटतंय गं," अक्का म्हणाली.

"म्हणूनच."

अक्कानं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग एक ओंजळ सोलली आणि हात धुऊन आत जाऊन पडली. थकून नव्हे, थकायच्या आधी. उरलेली परडी मी ओढून घेतली. जन्मात पहिल्यांदा. शेंग उघडेना, अंगठ्याचं नख दुखायला लागलं. माफी मागायची होती, शब्द सापडेना, अगदी तिच्या कोथिंबिरीसारखा. आतून आवाज आला, "शिवणीवर दाब, रघू. पोटावर नको." ती आवाजावरून ओळखत होती.

सोमवारी सकाळी कारखान्याला निघताना मी दाराआडून बघितलं. तिसरा दिवस होता. अक्का खिडकीशी बसून स्वतःच्या हातानं केस विंचरत होती. हात तीनदा खाली आला, तीनदा वर गेला. शेवटी वेणी झाली. मी बसमध्ये बसलो आणि पुढच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "माझ्या बहिणीनं आज वेणी घातली." तो म्हणाला, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, आणि खिडकीकडे वळला.

तिथून जूनपर्यंतचा रस्ता सरळ नव्हता. शिवरात्रीला पाहुणे आले, अक्कानं सगळ्यांसाठी फराळाचं केलं आणि आठ दिवस काळोख्या खोलीत काढले. पण आता आम्हाला कारण माहीत होतं, आणि कारण माहीत असलेलं दुखणं निम्मंच दुखतं. इंदू भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुंकवाचं बोट टेकवायची, जास्त झालं त्या दिवशी. मग आम्ही तिघं तिसऱ्या दिवसाकडे डोळे लावून बसायचो. हळूहळू बोटं विरळ झाली. अक्का बसून अंघोळ करायला शिकली, बसून भाजी चिरायला शिकली. सर्वांत अवघड म्हणजे अंगात त्राण असताना थांबायला शिकली. आयुष्यभर मोडेपर्यंत काम करणाऱ्या बाईला ते जमणं म्हणजे काय, हे मी जवळून बघितलं. वठारात कुणी म्हणालं, "टीचरम्मा राणी झाल्या हो." अक्कानं खिडकीतूनच उत्तर दिलं, "राणीला राज्य तरी असतं. मला एक खाट आहे, पण ती मी नीट सांभाळते."

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी मी जटका बोलावला. दोन फर्लांगांसाठी घोडागाडी, म्हणून सगळं वठार दारात आलं. सावित्रम्मांनी चाकापुढून मांजर हाकललं. मोठ्या बाई टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी खणातून माझा कागद काढला, शेजारी मस्टर उघडून ठेवलं, आणि मधे दौत सरकवली.

अक्कानं कागद पहिल्यांदाच वाचला. सावकाश, शेवटपर्यंत. माझ्याकडे बघितलं नाही. मग तो घडी करून पिशवीत टाकला आणि मस्टर पुढे ओढलं. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. यमुना. आणि पुढे आमचं आडनाव. रेघ आखल्यासारखी.

मोठ्या बाईंनी टीपकागद दाबला. "फक्त सकाळची शाळा घ्या," त्या म्हणाल्या. "आणि वर्गात खुर्ची ठेवली आहे. मुलींना उठून तुमच्याकडे येऊ दे. त्यांना पाय आहेत."

बाहेर येऊन मी पिंपळाखाली उभा राहिलो. आतून पोरींचा कलकलाट ऐकू आला आणि त्यावर एक आवाज, पूर्वीपेक्षा हळू, पण तोच. "सतरा साते?" पन्नास मुली एकदम ओरडल्या. मला वाटलं, मीही ओरडावं. तोंडातल्या तोंडात म्हटलं, एकशे एकोणीस.

ती बरी झाली नाही, हे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे. दहा वर्षं होऊन गेली. अजून दुपारी बारा ते चार तिची खोली बंद असते. एका वर्षी पावसाळ्यात दोन महिने पुन्हा अंथरूण धरलं. टॉनिकनं काही झालं नाही, ब्राह्मीच्या तेलानं नाही, माझ्या उपदेशानं तर नाहीच. गेल्या वर्षी एक तरुण डॉक्टर भेटले. त्यांनी सांगितलं की साथीतून उठून पुन्हा न उठलेली अशी माणसं परदेशातही आहेत, आणि त्यांना नक्की काय झालंय यावर तिकडचे मोठे डॉक्टरही भांडतात. कुणी मनाचं म्हणतं, कुणी शरीराचं.

अक्कानं विचारलं, "मग नाव काय ठेवलंय?"

"एकमत नाही, बाई."

"म्हणजे बारसं व्हायचंय," ती म्हणाली, आणि डॉक्टरांना कॉफी दिली.

पण या दहा वर्षांत तिनं दर सकाळी शक्य होतं तेव्हा वर्ग घेतला, आणि शक्य नव्हतं तेव्हा नाही म्हणून कळवलं, मान खाली न घालता. याला मी विजय म्हणतो. एकदा एक आई आपल्या मुलीची तक्रार घेऊन आली. टायफॉइडनंतर पोरगी आळशी झाली, नाच असला की नाचते आणि मग अभ्यासाला उठत नाही. अक्कानं मुलीला जवळ घेतलं आणि आईला म्हणाली, "नाचाच्या दिवशी तिच्याकडे बघू नका. तिसऱ्या दिवशी बघा." मी बाहेर पेपर वाचत होतो. पेपर हातात तसाच राहिला. माझ्या घरात माझ्या चुकीतून शिकलेली गोष्ट आता दुसऱ्या घरी जाणार होती, आणि तिथल्या एखाद्या रघूला कदाचित राजीनाम्याचं पत्र लिहावं लागणार नव्हतं.

त्या पत्राबद्दल अक्कानं मला कधीच विचारलं नाही. ते तिच्या ट्रंकेत सर्वांत वर आहे, हे मला माहीत आहे, कारण ट्रंक खाली उतरवून द्यायचं काम माझं. एकदा न राहवून म्हणालो, "फाडून टाक ना ते." ती म्हणाली, "अक्षर छान आहे रे. कुणी शिकवलं?"

परवा शनिवारी अवरे झाली. अंगणात चटई, मधे परडी, इंदू, अक्का आणि मी. आता मला येतं सोलायला, दहा हिवाळे झाले. अक्काचा अंगठा अजून तसाच, शिवणीवर एक दाब. परडी अर्धी झाली आणि तिचा हात थांबला. शेंग उघडून झाली होती, दाणे काढायचे होते. ती उघडी शेंग तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "साकु. पुढचं तुझं." उठली आणि आत गेली. उरलेली परडी संपायला मला दिवेलागणीची वेळ झाली. साली मीच नेऊन रस्त्यावर टाकल्या. त्या ढिगात आता दोन अंगठ्यांचं काम असतं, आणि निम्म्या साली बेढब फाटलेल्या असतात.

काल ती दिवसभर पडून होती. आज सोमवार. अवरेच्या तिसऱ्या दिवशी मी दर वर्षी रजा घेतो. सकाळी सातला अक्का छत्री आणि पिशवी घेऊन बाहेर आली, ढिगातून वाट काढत रिक्षाकडे गेली आणि मागे वळून म्हणाली, "रजा कशाला रे?"

"सर्दी झालीय."

"दर वर्षी याच दिवशी?" असं म्हणून रिक्षात बसली.

तेव्हापासून लिहितो आहे. आता बारा वाजत आले. मस्टरवर सही सकाळीच झाली असेल, सरळ. स्वयंपाकघरातून इंदूच्या साराचा वास येतोय आणि माझ्या बोटांचा सोगडु अजून गेलेला नाही, पेनालाही लागला आहे.

फाटकाशी रिक्षा थांबली. सालींवर पावलं चुरचुरली. मी उठून दार उघडायला जात नाही, तिला आवडत नाही. उंबरठ्याशी एक चप्पल काढल्याचा आवाज आला. मग दुसरी.